नऊ प्रश्न आणि बारा जणी

आमच्याकडून वर्ध्याला माणसं सहसा दोनच कारणांनी जातात, आश्रम बघायला नाहीतर गाडी बदलायला. मी गेले ती कागदांचे तीन गठ्ठे घेऊन. गठ्ठ्यांत कॉलेजच्या मुलामुलींसाठी एक प्रश्नावली होती. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागत नव्हती का, कारण नसताना धास्ती वाटली का, असे नऊ प्रश्न. आणि प्रत्येकापुढे चार चौकोन: अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. हव्या त्या चौकोनात खूण करायची. मूळ इंग्रजी दुसऱ्या कुणाचं, मराठी माझं.

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. औषधाच्या खोक्यात जी घडी घातलेली चिठ्ठी असते आणि जी उघडून कुणी वाचत नाही, तसलं मराठी माझं. पण या नऊ प्रश्नांवर मी जीव टाकला होता. मी केलेलं मराठी दुसऱ्या एका बाईंनी परत इंग्रजीत नेलं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून चौघांनी एकेक शब्द चाळला. पाच महिने त्यात गेले. अभ्यास होता रेणुकाचा. ती वर्ध्याचीच, मानसशास्त्र शिकलेली, समुपदेशनाचं काम करणारी, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तीच म्हणाली, "ताई, लिहिलंत ना? आता पोरं ते कसं वाचतात ते बघायला या." वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कुणी आपलं मराठी कसं वाचतं हे बघायला बोलावतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते?

सोमवार, वर्धा

फेब्रुवारी होता. सकाळी शाल आणि दुपारी छत्री अशी हवा. रेणुकानं स्टेशनाजवळच्या टपरीवर तर्री-पोहे मागवले. पोह्यांवर लालभडक कट ओतून देतात, त्यात अख्खे हरभरे. "तिखट आहे हं," ती म्हणाली. मी कोल्हापूरची. मला तिखटाची भीती घालणाऱ्याची मला कीव येते. तिसऱ्या घासाला जी उचकी लागली ती कॉलेजच्या फाटकापर्यंत थांबली नाही. टपरीवाल्यानं न मागता साखर आणून दिली आणि वर विचारलं, "बाहेरच्या हाये का, ताई?"

शहरातल्या त्या कॉलेजात दीडशे मुलं बसली होती. त्यांनी सात मिनिटांत कागद परत केले. मी खूश, म्हटलं, बघा, मराठी किती सोपं उतरलंय. रेणुकानं गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. शेवटचे तीन प्रश्न पानाच्या मागच्या बाजूला होते आणि निम्म्यांनी पान उलटलंच नव्हतं. पाच महिने शब्द चाळणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही खाली 'मागे पाहा' लिहावं हे सुचलं नव्हतं. दुपारी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून सगळे कागद पुन्हा काढून घेतले, यावेळी एका बाजूला.

मंगळवार, तळेगाव (श्यामजी पंत)

आष्टी तालुक्यातलं हे मोठं गाव. पंचक्रोशीतली भाजी आणि संत्री इथल्या बाजारात येतात. बाजारात संत्री पाटीनं विकतात. डझनभर मागितली तर बाई आपल्याकडे दयेनं बघते. इथल्या कॉलेजातल्या मुलांना मी वर्गाच्या दाराशी उभी राहून न्याहाळत होते. पेन कुठं थांबतं ते बघायचं, एवढंच माझं काम. ते चौथ्या प्रश्नावर थांबायचंच नाही. झोप न लागणं: जवळजवळ रोज. एकामागून एक, सगळ्यांचं तेच.

मला वाटलं, सापडलं काहीतरी. वर्ग सुटल्यावर एका उंच मुलाला गाठून विचारलं, रात्री झोप का येत नाही, कसली काळजी असते का?

"काळजी कायची, मॅडम?" तो म्हणाला. "वावरातली लाइन रातच्यालेच येते. गहू आहे, वलवा लागते. बाबा एक दिवस, मी एक दिवस. झोप त लय येते, पण मोटर झोपू देत नाई."

म्हणजे शेताच्या पंपाची वीज रात्री सोडतात, म्हणून गावातले अर्धे विद्यार्थी रात्री पाणी द्यायला जातात, आणि आमच्या हिशेबानं ते सगळे नैराश्याच्या एक पायरी जवळ गेले होते. मला हसू आलं आणि मग वरमल्यासारखंही झालं. रेणुकानं वहीत टिपून घेतलं: झोपेच्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ हवी, जागण्याचं कारण विचारणारी. आमच्याकडे ऊस आहे, मोटारी आहेत, रात्रीची वीजही आहे. तरी हे मला सुचलं नव्हतं, कारण मी प्रश्न लिहिले ते पंख्याखाली बसून.

बुधवार, आर्वी तालुका

या गावाचं नाव मी सांगणार नाही. रोहण्यापासून ते फार लांब नाही एवढं पुरे. पुढं जी मुलगी येते तिचंही नाव मी घेणार नाही, आणि तिच्या मैत्रिणीचं 'मयुरी' हे नावही मीच ठेवलेलं आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेला कापूस, मधेच पिवळा पडलेला हरभरा. कॉलेज म्हणजे सहा खोल्या आणि एक कडुनिंब. मराठी शिकवणारे भोयर सर आमच्या मदतीला होते. गोल चेहरा, खिशाला तीन पेनं, आणि कुठलीही गोष्ट 'त्याचं असं आहे मॅडम' म्हणून सुरू करायची सवय.

सूचना मी वाचल्या. रेणुका वाचणार होती, पण मीच हौसेनं मागून घेतल्या. शेवटी वाक्यं माझी होती. त्यात एक वाक्य असं होतं: 'काही उत्तरे पाहून गरज वाटल्यास आमच्या समुपदेशक आपल्याला एकट्याला बोलावून भेटतील.' हे वाक्य नवव्या प्रश्नासाठी होतं. नववा प्रश्न सगळ्यांत नाजूक: आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? इथं कुणी 'नाही' सोडून दुसरी कुठलीही खूण केली, तर त्या मुलाशी त्याच दिवशी बोलल्याशिवाय रेणुका गाव सोडत नसे. कागदावर नाव नसे, नुसता क्रमांक. नावांची यादी तिच्याकडे वेगळ्या बंद पाकिटात असायची आणि ती फक्त अशा वेळीच उघडायची. त्या वाक्याचा मला अभिमान होता. सभ्य आहे, स्पष्ट आहे, कुठं दुखवत नाही असं मला वाटायचं.

मुलं भरत होती. मागच्या तीन बाकांवर मुली जरा जास्तच वाकल्या होत्या, हे मला आज आठवतं. तेव्हा मी खिडकीतून कडुनिंबावरच्या माकडांकडे बघत होते.

कागद घेऊन आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलो. भोयर सरांच्या घरून डबा आला होता: ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा आणि अंबाडीची भाजी. मी भाकर मोडतेय तोवर रेणुकाचा हात थांबला. तिनं एक कागद बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. असे बारा झाले.

बाराही कागदांवर नववा प्रश्न: बरेच दिवस.

मी हातातला तुकडा खाली ठेवला. बारा मुली, एका वर्गात. मग मी ते कागद जवळ ओढले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. फक्त नववा नव्हे, नऊच्या नऊ उत्तरं बाराही कागदांवर एकसारखी होती.

"कॉपी केलीय!" मी म्हणाले. "मनाचा प्रश्न विचारला तर त्यातही कॉपी!"

"त्याचं असं आहे मॅडम," भोयर सर म्हणाले, "याले आमी कॉपी नाई म्हणत. याले नमुना म्हणतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म आला, बसपासचा आला, परीक्षेचा आला, का जे पोरगी चुकत नाई ते पहिले भरते. मंग तो कागद फिरते. बाकीचे पाहून पाहून भरतात. खाडाखोड झाली का फॉर्म वापस येते ना नागपूरवरून! मागच्या साली सात पोट्ट्यांनी वडिलांचं नाव बी एकच लिहून देल्लं होतं."

मी हसले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. छापील कागद आला की नमुना बघून भरायचा, ही इथली रीत. त्यात मुलींचा काय दोष? म्हटलं, बारा कागद बाद करा आणि जेवून घ्या.

रेणुका जेवत नव्हती. "बाद करता येतील," ती म्हणाली. "पण ताई, अकरा जणींनी पाहून लिहिलं. एकीनं तर न पाहता लिहिलं ना?"

मग जेवण तसंच राहिलं. पाकीट उघडलं, बारा नावं काढली. पुढं मोबाइल नंबर होते, पण ते कुणाच्या बापाचे, कुणाच्या भावाचे. फोन करून विचारायचं काय? "या गटात नमुना कोण भरतं?" रेणुकानं विचारलं. सर म्हणाले, "मयुरीच. दुसरं कोणी नाई." मयुरीचं आणि बाकी सगळ्यांचं गाव एकाच रस्त्यावर, आणि त्यांची बस अडीचची. घड्याळात दोन वीस झाले होते.

थांब्यावर आम्ही पळतच पोचलो. म्हणजे रेणुका पळाली, मी धापा टाकत मागून. बारा जणी तिथंच होत्या, दप्तरं पोटाशी धरून. रेणुकानं मयुरीला बाजूला घेतलं. चष्मा, घट्ट वेणी, सरळ नजर. तिच्याकडे बघताच पटलं की हिचा फॉर्म नागपूरहून परत येणार नाही.

"नमुना माया नव्हता," मयुरी म्हणाली. "मी नाई भरला."

"मंग कोणाचा?" रेणुकानं तिच्याच बोलीत विचारलं.

बाकीच्या अकरा जणी हळूहळू जवळ सरकल्या, पण कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग मयुरी माझ्याकडे वळली. "तुमीच त वाचून दाखवलं ना, मॅडम. ज्याचं उत्तर तसं दिसन त्याले एकट्याले बोलावू म्हणून. एकटीले बोलावलं असतं त सगळ्या वर्गानं पाह्यलं असतं. ते घरी पोचाच्या पहिले बातमी पोचली असती, का पोरीले पागलाईची डॉक्टरीन पाहाले आलती. आमी तिचा कागद पाह्यला. तिले म्हटलं, खोड ते. ते म्हणे, खरं आहे त काऊन खोडू? मंग आमी सगळ्याईनं तसंच लिहलं. आता बोलवा कोणाले बोलवता त."

माझं सभ्य, स्पष्ट, कुठं न दुखवणारं वाक्य या मुलींनी धमकी म्हणून ऐकलं होतं. आणि त्या धमकीला उत्तर म्हणून जे केलं होतं, ते त्यांनी दोन मिनिटांत, माझ्या पाठीमागे, माझी माकडं बघून होईतो ठरवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्या अकरा जणींचं इतकं कौतुक वाटलं की मयुरीच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण ती अजून रागात होती.

रेणुका मात्र रागावली नाही, शाबासकीही दिली नाही. "बारा त बारा," ती म्हणाली. "चला सगळ्या. एकेकीले दहा मिनिटं. कोणाले कमी नाई, कोणाले जास्त नाई."

"आमाले काई झालं नाई तरी?" एकीनं विचारलं.

"तरी. नाईच काई सांगायचं त सकाळी काय खाल्लं ते सांगजो."

बस आली आणि त्यांना न घेता गेली. भोयर सरांनी कडुनिंबाखाली उभं राहून बारा घरी फोन लावले आणि प्रत्येक घरी सांगितलं की मराठीचा जादा तास आहे. एका घरातून कुणी विचारलं, मराठीचा कायले जादा तास लागते? सर म्हणाले, "पोरी कच्च्या आहेत."

रेणुका आत बसली आणि मी बाहेर ओट्यावर उरलेल्यांबरोबर. मला नीट बसवेना. यांच्यातली एक कोण? मी चेहरे वाचायला लागले. कोपऱ्यात एक सडपातळ मुलगी गालाला हात लावून बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. मी मनाशी म्हटलं, हीच. तिच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला, हळूच विचारलं, "बाळा, काही होतंय का?"

"दाढ दुखून राह्यली, मॅडम," ती म्हणाली.

हे बघून सगळ्यांत मोठ्यानं हसली ती ठिपक्यांच्या ओढणीची. तिच्या पिशवीत घरच्या झाडांची संत्री होती. ती सोलून सगळ्यांना वाटत होती आणि मला प्रश्न विचारत होती. कोल्हापूरले खरंच लोक तालमीपाशी उभं राहून म्हशीचं दूध पेतात का? नुसतं, साखर न टाकता? मी म्हटलं, हो, समोर धार काढून देतात. "बाप्पा!" ती म्हणाली आणि मला आणखी एक फोड दिली. मीही तिला हसवत बसले. माझ्या डोक्यात चाललेल्या यादीतून तिला मी केव्हाच वगळलं होतं.

आतून एकेक मुलगी बाहेर येई, दुसरी जाई. मी घड्याळ लावून बघत होते: दहा मिनिटं, दहा मिनिटं, पुन्हा दहा. काही डोळे पुसत आल्या, काही हसत. कुणालाही जास्त वेळ नाही. पावणेपाचला सगळ्यांचं बोलून झालं, आणि उरलेली संत्री माझ्या हातात देऊन त्या पाचच्या बसनं गेल्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कळली?"

"हो," रेणुका म्हणाली.

"कोण?"

"ताई, ते संत्रं द्या एक."

मला राग आला. मी एवढ्या लांबून आलेली, प्रश्न माझे, आणि मला कळू नये? आर्वीपर्यंत मी तोंड फुगवून बसले. मग मीच विचारलं की निदान धोका कितपत आहे. रेणुका म्हणाली, आजचा दिवस ठीक आहे, घरी मोठ्या बहिणीशी तिच्यासमोरच फोनवर बोलणं झालंय, बहीण सोबत झोपणार आहे. पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं. शुक्रवारी सेवाग्रामच्या रुग्णालयात ये म्हटलंय. "येईल का, माहीत नाही. कुणी येतं, कुणी येत नाही." मग म्हणाली, "आणि बाकीच्या अकरांतल्या दोघीच फक्त सकाळच्या जेवणावर बोलल्या बरं का. बाकीच्यांना दहा मिनिटं पुरली नाहीत."

म्हणजे त्या अकरा जणींनी स्वतःच्या मनातलं लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, हे आम्हाला आता कधीच कळणार नव्हतं. अभ्यासाच्या दृष्टीनं ते कागद वायाच गेले होते. गुरुवारचा सगळा दिवस मी ते एक वाक्य बदलण्यात घालवला. शेवटी वाक्य काढूनच टाकलं. आता रेणुका कागद भरून झाल्यावर वर्गातल्या प्रत्येकाला भेटते, दहा दहा मिनिटं. एका कॉलेजाला एका दिवसाऐवजी आठवडा लागतो.

शुक्रवार, सेवाग्राम

माझी परतीची गाडी दुपारची. सकाळी आश्रम बघितला. सारवलेल्या भिंती, कौलं, झाडांखाली झाडून ठेवलेली माती. एरवी मी अशा ठिकाणी तासभर रमले असते. पण माझं लक्ष नव्हतं. दहाच्या सुमाराला मी तिथून निघाले आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. मला तिथं काही काम नव्हतं. रेणुका आत डॉक्टरांपाशी होती. मी आले आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

साडेदहा झाले, अकरा झाले. बाकांवर माणसं बदलत होती. कुणी डबे उघडले होते, कुणी रांगेत चपला ठेवून सावलीला बसलं होतं. मी दर वेळी दाराकडे बघायची आणि मनातल्या मनात स्वतःला रागे भरायची, की येणारी येईल, तू कोण बघणारी.

सव्वाअकराला त्या आल्या. एक नाही, चौघी. पुढं मयुरी, मागं ती दाढदुखीवाली, ठिपक्यांची ओढणी, आणि आणखी एक. मी पटकन खांबाच्या आड झाले. चौघी नोंदणीच्या खिडकीशी गेल्या.

"पेशंट कोण आहे?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

चौघी खिडकीला आणखी चिकटून उभ्या राहिल्या.

"अवं, पेशंट कोण?"

"आमी सगळ्या," मयुरी म्हणाली.

"सगळ्याईचे कार्ड काढू का?"

"काढा."

"मायं बी काढा," दाढवाली म्हणाली, "दात दुखते."

माणसानं पेन ठेवून चौघींकडे पाहिलं. मागची रांग कुरकुरायला लागली. तेव्हा ठिपक्यांच्या ओढणीच्या मुलीनं, मला संत्र्याच्या फोडी भरवणाऱ्या त्या मुलीनं, मयुरीचा हात धरून तिला हळूच बाजूला केलं आणि ती खिडकीशी आली.

"नाई," ती म्हणाली. "मी आहो. माया एकटीचं काढा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. त्या माणसानं नाव विचारलं. तिनं आडनावासकट सांगितलं, आणि त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.